अकरावं काम

३ फेब्रुवारी, मंगळवार, संध्याकाळी ६.४०
टेपने खिडकी मोजत होतो, मध्येच ही वही उघडली. तीन फूट बाय चार. आज किल्ली मिळाली! दोन खोल्या, एक खिडकी, एक दार, भाडं झेपेल एवढं. घरमालक हसत म्हणाला की ज्या गवंड्याने हे घर बांधलं तो मजुरी न घेताच वारला, म्हणून स्वस्तात पडलं.

ताईचा फोन आला. त्या खुराड्यात आईला कशी ठेवू, म्हणाली. आधी माणसांसारखं कर, मग २२ला आणून सोडते. बरोबर आहे तिचं, आईचे गुडघे गेलेत. हाताशी ४,००० आहेत. दहा कामांची यादी केली, स्वस्तातलं आधी, आणि दारामागे खिळ्याला लावली. खाली जागा उरली. वाचणारं कोण आहे, म्हणून लिहिलं: ११. आई इथून परत जाऊ नये.

५ फेब्रुवारी
सहाच स्क्रू मागितले तर हार्डवेअरवाला म्हणाला, इंजिनिअरसाहेब, बंगला काढलात वाटतं. नळाचा वायसरही घेतला, १२. घरी आलो तर नळ गळायचा थांबला होता. वायसर माझ्या खिशात. यादीतल्या पहिल्या ओळीवर पेन्सिलीची सरळ रेघ. घरमालकाला फोन केला. तो म्हणाला, बाबा रे, माझ्या स्वतःच्या घरचा नळ महिनाभर गळतोय.

८ फेब्रुवारी, रविवार
चार कामं झाली. मी साहित्य आणून ठेवायचं, कामावरून परत यायचं, की झालेलं असतं. आज दिवसभर घरी होतो तर काहीच झालं नाही. बाथरूममधली आईला धरायची दांडी पाहिली. उंची मी लिहिली नव्हती. बरोबर तिच्या हाताशी येईल अशी बसवली आहे.

११ फेब्रुवारी
गोदामात आठवडाभर माझ्याशी कुणी बोललं असेल तर सही कुठे करू, एवढंच. सकाळी निघताना ओट्यावर चहाचा दुसरा कप झाकून ठेवला. आलो तेव्हा धुऊन पालथा घातलेला होता. बरं वाटलं. कोण आहे ते विचारावंसं वाटलं नाही.

१७ फेब्रुवारी
आठवं काम होतं, खिडकीतून वारा येतो तो बंद करणे. मी रबराची पट्टी आणली होती, ४०. खिडकीच नाही. विटा, वर गुळगुळीत गिलावा. विटा मी आणल्या नव्हत्या. जसं लिहिलं तसंच केलंय. अगदी तसंच—

अकरावं.

१८ फेब्रुवारी
यादी फाडून कचऱ्यात टाकली. संध्याकाळी खिळ्याला परत, सांधलेली. नवव्यावर रेघ. अकरावं मी पेनाने गिरगटून खोडलं.

१९ फेब्रुवारी
गिरगटलेलं पुसून टाकलंय. अक्षर माझंच, स्वच्छ. दहावर रेघ.

२० फेब्रुवारी
ताईला सांगितलं, आईला आणू नकोस. म्हणाली, आता जड झाली का आई? तिने चार दिवसांपासून पिशवी भरून ठेवलीय. काय सांगणार होतो? ओल आहे म्हणालो. ती हसली.

घरात कुणी असलं की काम होत नाही. मी हलणारच नाही.

२२ फेब्रुवारी, दुपारी
आई आली. भिंतीवरून हात फिरवून म्हणाली, एकट्याने केलंस, पोरा? ताई दारातूनच परत गेली. गुडघ्याच्या गोळ्या ताईच्याच गाडीत राहिल्या. आई कळवळत होती. आई घरात आहे, म्हणजे घर रिकामं नाही, असं धरून चाललो— दुकान कोपऱ्यावर. दहा मिनिटं. मोजून.

दार नाही.

शेजारचा म्हणतो, इथे दार कधी होतं? भिंत जुनी दिसते.

आतून आई विचारते, वाजवतोस कशाला, आत ये की. म्हणते, इथे दोन कप भरून ठेवलेत, कोण आलंय—

मजुरी. त्याची मजुरीच राहिली. सगळी देऊन टाकतो, मग उघडेल. वही खिशातच आहे, नीट मांडतो.

साहित्य १,८६५
गोळ्या ८५
एकूण खर्च १,९५०
शिल्लक २,०५०
देणे: मजुरी, दहा कामांची, प्रत्येकी २०५ = २,०५०
अकराव्याचे—

आई ओ देत नाही. अकराव्याचे किती धर