अर्थ न लिहिलेला शब्द

नगर, ९ फेब्रुवारी १९७१

ती. ताईस,
कानिफचा शि. सा. न. वि. वि.

उसाच्या ट्रकवर मागे चढून येत होतो. राहुरीच्या पुढे मोळ्यांबरोबर मीही खाली आलो आणि जबडा मोडला. डॉक्टरांनी वरचे दात खालच्या दातांना तारेने बांधलेत. बोलणं बंद, एक दात पडला त्या फटीतून नळीने दूध. म्हणून एवढं लांब पत्र, नाहीतर मी कधी लिहितो?

इथले शब्द ऐक. मँडिबल म्हणजे खालचा जबडा. इन्सायझर म्हणजे पुढचे दात, मोलर म्हणजे दाढा. फ्रॅक्चर म्हणजे मोडणं. शेजारच्या खाटेवर एक ड्रायव्हर आहे, तो पार इंदूरपर्यंत जातो, तिथली जिलबी म्हणे हातभर... असो, जबड्याचं सांगत होतो. तार सुटली की त्याच्याच गाडीवर क्लीनर म्हणून निघणार.

मायेत कमी पडू नये.
कानिफ

राहुरी, २० फेब्रुवारी

चि. कानिफ यास अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र सोपानभावजींनी सर्वांना वाचून दाखवलं. सासूबाई आधी घाबरल्या, अर्थ ऐकल्यावर हसल्या. आमची भागिरथी तुला द्यायचं त्यांनी ठरवलं आहे. आपले आप्पाही तयार आहेत. तार सुटेल त्या दिवशी तोंडात साखर घालून पक्कं करायचं. मी या घरात, माझी नणंद आपल्या घरात. साटंलोटं झालं की दोन्हीकडे मान राहतो. तू नाही म्हणालास तर मला इथे तोंड दाखवता यायचं नाही. सोमवारी सासूबाई तिला घेऊन तुला बघायला येतील. मी खुशाल आहे.

लोभ आहेच, तो वाढावा.
ताई

(भागिरथीच्या हाती, पेजेच्या डब्याबरोबर)

कान्या,

हे खरं पत्र. टपालातलं भावजी सांगतील तसं लिहावं लागतं, आलेलंही तेच आधी फोडतात. भागिरथी अकरावीत आहे, तिला नगरला नर्सचं शिकायचंय. तुझ्याशीच काय, कुणाशीच तिला आत्ता लग्न नको. ती नाही म्हणाली तर मार खाईल. तू म्हणालास तर मला जन्मभर ऐकावं लागेल. मोडायचं तर सासूबाईंनीच मोडायला हवं. तुझे शब्द अर्थाशिवाय कानावर पडले तेव्हा त्या देवापुढे जाऊन बसल्या होत्या. बघ काही सुचतं का. चिठ्ठी फाडून टाक.

(त्याच डब्यातून परत)

ताई,

मॅलॉक्लूजन म्हणजे दात एकमेकांवर नीट न बसणं. बस्स, एवढंच. मला ते राहणार, म्हणतात. अर्ध्या नगरला असेल. टपालातल्या पत्रात अर्थ लिहिणार नाही, पण खोटंही एक अक्षर लिहिणार नाही. घाबरू नकोस. तुझी नणंद सिस्टरला ट्रेनिंगचं विचारत बसली आणि पेज माझ्या गळ्यावर ओतली.

नगर, २२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. सासूबाईंना दंडवत.

तार सुटली. पण डॉक्टर म्हणाले, मॅलॉक्लूजन राहिलं आहे, जन्मभर जायचं नाही. पोरांना येतं का, असं मी विचारलं. पुष्कळदा घराण्यातच असतं, म्हणाले. सासूबाईंपासून हे लपवणं मला बरं वाटेना. आता त्या म्हणतील तसं.

माया पातळ होऊ देऊ नये.
कानिफ

राहुरी, ३१ मार्च

चि. कानिफ यास अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र सर्वांसमोर दोनदा वाचलं गेलं. असल्या दुखण्याच्या घरात मुलगी देणं नाही, असं सासूबाईंनी आप्पांना कळवलं. मला फार वाईट वाटलं. आणलेल्या साखरेचा चहा भागिरथीने सगळ्यांना केला, जरा जास्तच गोड झाला होता.

तुझ्या ड्रायव्हरची गाडी निघाली असेल. इंदूरची जिलबी माझ्या वाटचीही खा.

चैत्रात माहेरी यायचं मनात होतं. पण तुझ्या घरात लागण असेल, तेव्हा ते दुखणं पुरतं बरं होईपर्यंत मी तिथे पाऊल टाकायचं नाही, असं इथे ठरलं आहे. आणि ते जन्मभर जायचं नाही, हे तूच लिहिलंस.

पत्र पाठवत राहा. इथे सगळे ऐकतात.
ताई