वरच्या टप्प्याची पाकिटं

सोमवार, ३ मार्च

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू पत्र टेबलावर उलटं टाकशील, हे मला माहीत आहे. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी घोटवून घेतलेलं अक्षर काही लपवता येत नाही. दोन दिवसांनी का होईना, उघड.

आम्ही बरे आहोत असं लिहायची सवय आहे, म्हणून लिहिते. झटक्यानंतर तुझ्या भावोजींचा उजवा हात अजून उठत नाही, डाव्यात जोर नाही. बोलणं बरंचसं परत आलंय, पण एकेक शब्द खोल विहिरीतून ओढल्यासारखा येतो. माझे गुडघे माझ्याआधी जागे होतात आणि कुरकुरायला लागतात.

घर तेच, मत्स्यबीज केंद्राच्या आवारातलं, दोन खोल्यांचं. निवृत्तीनंतर ह्यांना मानद सल्लागार नेमलं म्हणून राहू दिलंय. खिडकीबाहेर टाक्या, टाक्यांमागे कुंपण, आणि पंपाची घरघर चोवीस तास. मी बाजारात गेले की अर्ध्या तासात ह्यांना घाम फुटतो. म्हणून आता भाजीवालाच फाटकाशी येतो. मी फाटकापर्यंत जाते आणि परत येते. गेल्या दोन वर्षांतला माझा सगळा प्रवास एवढाच.

ओढा फार आठवतो रे. आपण पोटावर पालथे पडून दगडाखाली बघायचो आणि तो पट्ट्यापट्ट्यांचा मासा हलायचासुद्धा नाही. सगळ्या ओढ्यावर पहारा ठेवल्यासारखा. तू त्याचं नाव हवालदार ठेवलंस, आणि पुढे केंद्रातही तेच रूढ झालं. "ताई, शिंकू नकोस, पकडून नेईल!" म्हणायचास आणि स्वतःच शिंकायचास.

यंदा केंद्रात नवीन अधिकारी बाई आली आहे. माझ्या मुलीच्या वयाची असेल, मुलगी असती तर. परवा चहाला आली आणि ह्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"सर, अकरा वर्षं ओढ्यावर गळ टाकायला बंदी आहे. मग हवालदार परत का नाही आले?"

"ये...तील," हे म्हणाले.

"गेल्या वर्षी खालच्या टप्प्यात एक सापडला. एक! काकू, वर, धबधब्याच्या वरच्या टप्प्यातल्या माशांचे खवले कधी तपासले होते का? तिथे टँकर चढत नाही, म्हणजे आपली बोटुकली कधीच सोडलेली नाहीत."

बोटुकली म्हणजे आमची टाकीत वाढवलेली बोटभर पिल्लं. बाहेरच्या जातीच्या माशांची. दरवर्षी मार्चअखेर हजारोंनी ओढ्यात सोडतो.

"नोंद... नाही," हे म्हणाले. माझ्याकडे न बघता.

मी बशी उचलली आणि आत गेले. धाकट्या, मी आत गेले.

आता जे तुला माहीत आहे तेच मी लिहिणार आहे. पण माझ्या तोंडून तू ते कधी ऐकलेलं नाहीस.

माशाच्या खवल्यावर झाडाच्या खोडासारखी वर्तुळं असतात. सूक्ष्मदर्शकाखाली ती मोजून वय सांगायचं, हे केंद्रातलं माझं काम. बोटुकली सोडायला लागलो तेव्हा पहिली दोन-तीन वर्षं हवालदार गलेलठ्ठ झाले. पोटं उघडली की आत आमचीच पिल्लं. हे खूश! "बघ, ओढ्याला जेवण वाढलंय आपण." मीही हसले. पण जाळ्यात येणाऱ्या सर्वांत लहान हवालदाराचं वय दरवर्षी एकेकाने वाढत होतं. दोन वर्षांचा, मग तीन, मग चार. नवीन कोणी मोठं होतच नव्हतं. हवालदाराची पिल्लं पहिलं वर्ष पाण्यातल्या बारीक किड्यांवर काढतात, आणि ते किडे आमची हजारो बोटुकली फस्त करत होती. म्हातारे मेजवानी झोडत होते आणि त्यांची लेकरं उपाशी मरत होती.

मी हे ह्यांना दाखवलं. "लहान मासे जाळ्यातून निसटतात. तो रकाना सोडून दे," म्हणाले. मी सोडून दिला आणि दरवर्षी तक्त्याखाली सही केली.

तू मात्र वर आणि खाली, दोन्हीकडे गळ टाकायचास. वरच्या हवालदारांचे खवले जुन्या पाकिटांत घालून मला आणून द्यायचास. एक वर्षाचे, दोन वर्षांचे, सगळ्या वयांचे. गळ दोन्हीकडे होता, बोटुकली फक्त खाली. सत्तावीस पाकिटं. मी मोजून ठेवली, आणि नोंदवली एकही नाही.

हवालदार का संपत चालले यावर सुनावणी झाली, आणि तिच्यात ठरलं की लहान मासे गळवाले नेतात. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी मला विचारलं होतं, "बाई, वरच्या टप्प्यात लहान आहेत का?" मी म्हणाले, "नोंद नाही."

"ताई खोटं बोलते," एवढं तू म्हणाला असतास तरी पुरलं असतं. पण तू टोपी उचललीस आणि निघून गेलास. तुझा परवाना गेला, ओढा गेला, गावसुद्धा. "ओढा ओरबाडणारा" म्हणून तुझं नाव झालं आणि मी इथे टाक्यांकडे बघत राहिले.

शुक्रवारी ती बाई यंदाच्या बोटुकल्यांसाठी ह्यांची संमती घ्यायला येणार आहे. मी काय करीन, मला खरंच माहीत नाही. ह्यांचं सगळं आयुष्य त्या टाक्यांत आहे.

शुक्रवार, ७ मार्च

पत्र टाकलंच नव्हतं. पुढे लिहिते.

ती सकाळीच कागद घेऊन आली. ह्यांच्या डाव्या हातात तिने पेन दिलं. मी कपाटातून पाकिटं काढली आणि कागदावर ठेवली.

"काकू, हे काय?"

"वरच्या टप्प्याचे खवले."

"नोंद... नाही," हे म्हणाले.

"नोंद नाही, कारण मी केली नाही."

ह्यांनी पाकिटांवरून नजर माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "सह्या... तुझ्या."

"हो, माझ्याच आहेत. म्हणून तर मी सांगतेय."

बाईने पेन हळूच परत घेतलं. यंदाची बोटुकली थांबवली आहेत. ती म्हणाली, "काकू, चौकशीत तुमचं नाव येईल." मी म्हटलं, "येऊ दे." "घराचं... पुढे बघू," म्हणाली आणि चप्पल शोधायला लागली. चप्पल पायातच होती.

तेव्हापासून हे माझ्याशी बोललेले नाहीत. हात चालत नाहीत, म्हणून पाणी माझ्याच हातून प्यावं लागतं. डोळे मिटून पितात. मी पेला धरून उभी असते, कारण दुसरं कोणी नाही. ह्यांना टाकून मला येता येणार नाही, आणि तू ये म्हणायला मला तोंड नाही. येऊ नकोस, असंही लिहवत नाही.

चौकशीसाठी लिहून दिलेल्या निवेदनाची प्रत जोडली आहे. पाकिटं कोणी दिली, त्यापुढे "माझा धाकटा भाऊ" असं लिहून तुझं पूर्ण नाव घातलंय. आणि साहेबांच्या प्रश्नाचं उत्तर खाली दिलंय: वरच्या टप्प्यात लहान मासे होते. तू गळ टाकत होतास तेव्हाही होते.

माफ कर असं लिहीत नाही. माफ केलं, हे तू म्हणायचं किंवा न म्हणायचं.

अकरा वर्षांनी साक्ष दिलेली,
तुझी ताई