आत्याच्या पाठीतले धपाटे

अंधेरी (पूर्व),
१० जानेवारी १९८४

ती. सौ. वनमालावहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

बाळासाठी दुपटं आणि झबलं ह्यांच्याबरोबर पाठवतेय. बारशाला मात्र जमणार नाही, अंगात कणकण आहे. कानात नाव सांगायचा मान आत्या म्हणून माझा, पण तो कुणा लेकुरवाळीला द्या. तुमच्या शांतामावशी दवाखान्यात तेच म्हणत होत्या, आणि त्यांचं काही चुकलं नाही.

लग्नाला सहा वर्षं झाली. महिना भरत आला की जीव नुसता टांगणीला लागतो. डॉक्टरीणबाई म्हणतात, नवऱ्याचीही तपासणी करा. विषय निघाला की हे गच्चीवर जाऊन बसतात. असो. दादाला नमस्कार, भाचीला पापा.

लोभ आहेच, तो या कणकणीपायी कमी करू नये.

आपली,
सुलक्षणा


मुलुंड,
१३ जानेवारी

चि. सौ. सुलक्षणा हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझी कणकण मला ठाऊक आहे गं, ती थर्मामीटरला लागत नाही. सातव्या महिन्यात मला पडून राहायला सांगितलं, तेव्हा अंधेरीहून डबा घेऊन कोण यायचं? तेव्हा कुणी विचारलं नाही, लेकुरवाळी आहेस का म्हणून. मावशीला हेच ऐकवलं. आधी चिडली, मग म्हणाली, बोलाव तिलाच.

बारसं बावीस तारखेवर, रविवारी ढकललंय. तोवर पोरगी बिननावाची. तुझा दादा तिला मॅडम म्हणतो. अनंतरावांना घेऊन ये. कुर्र केल्यावर आत्याच्या पाठीत धपाटे बसतात, ते चुकवायला बघतेस होय?

माया आहेच, ती घ्यायला ये.

तुझी,
वहिनी


अंधेरी (पूर्व),
२४ जानेवारी

ती. सौ. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

पाठ अजून दुखतेय. बाम चोळताना हे विचारत होते, एवढं जोरात कुणी मारलं. म्हटलं, शांतामावशींनी. एका हातानं डोळे पुसत होत्या आणि दुसऱ्यानं धपाटे घालत होत्या.

परत येताना हे आपणहून म्हणाले, तपासणीला दोघं जाऊ. दोष त्यांच्यात निघाला तर मी काय म्हणेन, याची भीती वाटत होती म्हणे. वेडेच आहेत. उद्या जातोय. काय निघेल ते निघो, आता एकमेकांपासून लपवायचं तरी काही नाही.

उपकार म्हटलं तर रागवाल. पण माझ्यासाठी तुम्ही पोटची पोर बिननावाची ठेवलीत, हे जन्मभर विसरणार नाही. एक सांगते. आजवर कुणाचंही मूल मांडीवर घेतलं की मनात देवाकडे मागणं यायचंच. परवा कानात नाव सांगताना मागायचं विसरूनच गेले.

करता तसाच लोभ करत राहा.

मैथिलीची आत्या,
सुलक्षणा