माझ्याविना सहाचं प्रसारण

मंगळवार, संध्याकाळ

हिंगोलीहून परतताना एसटी बाळापूरच्या अलीकडेच बंद पडली. आमच्या सामुदायिक रेडिओचं सहाचं प्रसारण माझ्याविना होणार कसं? घाईनं रेहानाबाजींना फोन लावला. शिवणकाम सांभाळून त्या माझ्याकडं यंत्रं चालवायला शिकताहेत. म्हटलं, "जुनी मुलाखत लावा."

"काहून सर? आमी बराबर सुरू केलं. बाया हळदीवर बोलून राहिल्या."

रस्त्याकडेला मोबाइलवर ऐकलं. एकदा आवाज गेला, त्यांनी परत आणला. बरं वाटलं? व्हय. थोडं टोचलंही. तीन वर्षं स्टुडिओतली खुर्ची मी सोडली नव्हती.

पोचलो तर नव्यानं येणाऱ्या पंचशीलाला उद्यापासून शिकवायचं त्यांनी ठरवूनही टाकलेलं. मला विचारलं नाही. विचारलं असतं, तर मी 'अजून थांबा' म्हणालो असतो.