सात नंबरच्या विहिरीची तारीख

४ फेब्रु. ८५, सोम.
विद्यापीठातून सरांचं, माझ्या गाइडचं, कार्ड. माझ्या विहिरींच्या पाण्यावरच्या निबंधाचा पहिला उल्लेख झाला, एका अहवालात. ‘अभिनंदन ओव्हाळ. पीएच.डी.च्या व्हायवाला उपयोगी पडेल.’ अहवाल कुणाचा ते लिहिलेलं नाही.
सुशीलानं विचारलं, उल्लेख म्हणजे नेमकं काय? म्हटलं, कुणीतरी माझ्या आकड्यांवर भार देऊन उभं राहिलं. तिनं शिरा केला. कॉलेजात तिघांना सांगितलं. चौथ्याला सांगायचा मोह आवरला.

९ फेब्रु., शनि.
वाडीच्या कोंडाबाई एस.टी.नं कळंबला आल्या, पत्ता विचारत घरापर्यंत. नव्या वस्तीची विहीर म्हणजे माझी वि.क्र. ७. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनीच खणलेली. त्याआधी वरच्या आळीतलं कुणी ओतेल तेव्हा पाणी. आता पाणी चहासारखं तांबडं, म्हैससुद्धा तोंड लावत नाही. कारखान्याच्या डिस्टिलरीचं सांडपाणी ओढ्यात येतं, म्हणून वस्तीनं प्रांताकडं अर्ज केलाय. त्याला कारखान्याचं उत्तर आलं, सोबत त्यांच्या सल्लागाराचा अहवाल, ते घेऊन आल्या होत्या.
“जयभीम सर. तुमच्या कागदात आमची हीर आदीपासूनच नासकी हाय असं लिवलंय म्हणं. व्हय का?”
अहवालाचं पान सहा. डिस्टिलरी सुरू होण्याआधीच विहीर दूषित होती (ओव्हाळ व सहलेखक, १९८४). हाच तो पहिला उल्लेख.
म्हटलं, असं मी लिहिलं नाही, बघतो. त्या चहा न घेताच गेल्या.

१० फेब्रु., रवि.
निबंध काढला. तक्त्यात वि.क्र. ७ पुढं एप्रिल १९८२. डिस्टिलरी ८२च्या डिसेंबरात सुरू झाली. म्हणजे कारखान्याचं बरोबर.
पण मी ते पाणी ८३त घेतलं. बारापैकी अकरा विहिरींचं ८२त. सातची बाटली एस.टी.त फुटली, म्हणून पुढच्या एप्रिलात पुन्हा गेलो. विहिरींवर नेतो त्या वहीत तारीख आहे. निबंधाच्या कार्बन कॉपीतही १९८३ आहे, चांदणी आहे, खाली तळटीप आहे.
छापलेल्यात आकडा बदललेला, चांदणी नाही, तळटीप नाही. आकडा एखादा निसटतो. तिन्ही गोष्टी एकदम कशा निसटल्या?
निबंधावर दुसरं नाव सरांचं, प्रूफं त्यांच्याकडं गेली होती. तेव्हा आई दवाखान्यात होती, मी बघितली नाहीत.
आणि अहवाल मला मिळायच्या आधी सरांना कसा कळला?

१५ फेब्रु., शुक्र.
सरांकडं जाऊन आलो. नेहमीसारखे प्रेमानं बोलले. माझ्यासारख्याच्या हातात प्रयोगशाळेची किल्ली देणारा हा पहिला माणूस, हे विसरून चालत नाही. भिंतीवर कारखान्याचं कॅलेंडर. ते आमच्या स्टाफरूममध्येही आहे. त्यावरून काही ठरत नाही.
“तळटीप संपादकांनी काढली असेल हो, जागेसाठी.”
“आणि साल?”
“चुका होतात. शुद्धिपत्र पाठवा की. पण आता पाठवलंत तर पहिला उल्लेखच खोटा पडेल. व्हायवा तोंडावर आलाय. अठ्ठावीस तारीख जाऊ द्या, मग पाठवा.”
एस.टी.त बसल्यावर लक्षात आलं. २८ला प्रांत ऑफिसात सुनावणी आहे, हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. की सांगितलं होतं? येरमाळ्यापर्यंत सगळं बोलणं आठवत आलो. नक्की नाही

१९ फेब्रु., मंगळ.
सातचं पाणी पुन्हा आणलं, तपासलं. ८३पेक्षा कितीतरी वाईट.
सुशीलाला सगळं सांगितलं. ऐकून घेतलं तिनं. मग म्हणाली, “तुम्ही सरांवर संशय घेताय का गप बसायला कारण शोधताय?”
दुपारी शुद्धिपत्र रजिस्टरनं संपादकांना पाठवलं. पोच वहीत ठेवली.

२८ फेब्रु., गुरु.
सुनावणी. कोंडाबाईंच्या बाजूनं उभा राहिलो. कारखान्याच्या सल्लागारानं माझंच वाक्य मला वाचून दाखवलं. वाचताना माझ्या नावाआधी ‘विद्वान संशोधक’ लावलं.
“छापलेलं खरं की वहीतलं?”
“वहीतलं.”
“वही तुमची, अक्षर तुमचं, आणि तारीख पेन्सिलीनं?”
विहिरीवर हात ओले असतात, शाई पसरते, असं सांगितलं. खरं तेच सांगितलं, तरी माझं मलाच ते खोटं वाटलं. प्रांतसाहेबांनी वही ठेवून घेतली. निकाल नंतर.
बाहेर कोंडाबाई म्हणाल्या, “वही गेली की वो सर. दुसरी हाय का?”
नाही.

१६ मार्च, शनि.
संपादकांचं पत्र. त्यांच्याकडच्या हस्तलिखितात १९८२च आहे, तळटीप नाही. दोन्ही लेखकांच्या सह्या आहेत. सबब शुद्धिपत्र छापता येत नाही.
म्हणजे कुणीतरी पुन्हा टाइप केलं. आणि खाली माझी सही.
सरांनी एकदा ‘शेवटचं पान खराब झालंय, नव्यावर सही करा’ म्हणून कागद पुढं केले होते. केली होती. किती पानांवर, वरचं वाचलं का, आठवत नाही. वाचलं नसणार. त्यांच्यासमोर वाचत बसणं बरं दिसलं नसतं.
त्या पानांची फोटोकॉपी मागवली.

२९ मार्च, शुक्र.
फोटोकॉपी नाही. व्हायवाचं पत्र नाही. प्रांत ऑफिसात दोनदा गेलो, वही ‘साहेबांच्या कपाटात’ आहे. सरांना पत्र लिहिलं, सरळ विचारलं. उत्तर नाही.
वस्ती सध्या नदीत झरे खणून पाणी भरते.
ग्रंथपालांनी आज हाक मारून नवा अंक दाखवला, कौतुकानं. दक्षिणेतल्या कुणा संशोधकाचा लेख आहे. सांडपाण्याचा संबंध नसतानाही विहिरी अशा दूषित होतात, याला दाखला म्हणून वि.क्र. ७. साल १९८२.
“आता दोन झाले, ओव्हाळसर,” म्हणाले.
त्या माणसाचा पत्ता उतरवून घेतला. पत्र लिहायला बसलोय. वही जवळ नाही, कार्बन कॉपीवर सह्या नाहीत, पुरावा म्हणून काय जोडू