लाल चौकड्यांची दुलई

बर्नाउअर रस्ता, बर्लिन
शनिवार दुपार, सप्टेंबर १९६१

प्रिय रोसी,

हे पत्र लोकरीच्या गुंड्यात गुंडाळून खाली टाकणार आहे. हवालदाराला सांगेन, बाळाच्या मोज्यांची लोकर आहे, लेकीला देते. ते काही खोटं नाही. एक मोजा झालाय, दुसरा तुला विणावा लागेल, आणि टाचेपाशी टाके गाळू नकोस, तुझी जुनी खोड आहे ती. आधी शेवटपर्यंत वाच आणि मग काय रडायचं ते रड. वाचून झालं की हारल्डला दाखव. तुझा नवरा बोलायला कंजूष असला तरी डोक्यानं शांत आहे, आणि उद्या कुणीतरी शांत डोक्याचं लागणार आहे.

सकाळी तू एवढं पोट घेऊन खालच्या फुटपाथवर उभी होतीस. "आई, मार गं उडी! आणखी कशाची वाट बघतेस?" असं ओरडत होतीस आणि मी खाडकन खिडकी लावून घेतली. तुला वाटलं असेल, म्हातारी हट्टी आहे, सामानाचा मोह सुटत नाही. तसं नाही गं. हवालदार दारात उभा होता आणि मला रडताना त्याला दिसायचं नव्हतं. तुला दोन मजल्यांवरून बघताना माझ्या जिवाची काय तगमग होते, ते तुला तुझं मूल हातात आल्यावर कळेल. गेल्या महिन्यापर्यंत तू रविवारी चपला घालून नुसती रस्ता ओलांडायचीस आणि माझ्या टेबलाशी येऊन बसायचीस. केक कापायच्या आधी कडेचा तुकडा मोडून खायचीस. आता तोच रस्ता आहे, तीच तू आहेस, आणि मला तुझ्या केसांना हातसुद्धा लावता येत नाही.

तुझ्या पपांची थट्टा आठवते? लढाई संपली, साहेबलोकांनी शहराचे तुकडे केले आणि रेघ नेमकी आपल्या भिंतीवरून गेली. घर पूर्वेचं, फुटपाथ पश्चिमेचा. पपा सकाळी खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणायचे, "आडेलहाइट, मी परदेशी चाललो, कॉफी झाली की हाक मार." आपण किती हसायचो. बरं झालं ते वेळेवर गेले. ऑगस्टातल्या त्या रविवारी उठून बघते तर तारा ओढलेल्या. मला वाटलं, आठवड्याभरात काढतील. मग तारांच्या जागी सिमेंटचे ठोकळे आले. आपला रस्त्यावरचा मोठा दरवाजा खिळे मारून बंद केला आणि आम्हाला मागच्या अंगणातून ये-जा करायला लावली. मग तळमजल्याच्या खिडक्या विटांनी भरल्या, मग पहिल्या मजल्याच्या. जसजशा विटा वर चढल्या तसतशी माणसंही वरच्या मजल्यांवर जाऊन उड्या मारायला लागली. कोपऱ्यावरच्या घरातली म्हातारी तुमच्या बाजूच्या बंबवाल्यांनी झेलायला ताणलेल्या चादरीबाहेर पडली, ते तू बघितलंस आणि मीही बघितलं. उद्या आमचा मजला. सकाळी आधी शेजारच्या पागेल्सबाईंची खिडकी, मग माझी. दुपारी ट्रक येणार आणि मला कुठेतरी नेऊन सोडणार. कुठे ते विचारलं, तर म्हणे कळेल तेव्हा कळेल. एकदा ती खिडकी बुजली की तू माझ्यासाठी मेलीस आणि मी तुझ्यासाठी.

दुलईच्या सकाळी काय झालं, ते तू खालून बघितलंस. वर काय झालं ते तुला ठाऊक नाही. मी उठले, तोंड धुतलं आणि रोजच्यासारखी लाल चौकड्यांची दुलई उन्हात घालायला खिडकीच्या कठड्यावर टाकली. चाळीस वर्षांचा हात आहे गं, डोक्याला विचारत नाही. या रस्त्यावर आता पांघरूण खिडकीबाहेर आलं की माणूस मागून येणार असं धरतात, हे मी साफ विसरले. खाली बघते तर बंबवाले चादर ताणून धावत आलेत, अर्धा रस्ता गोळा झालाय आणि एक जाडा गडी दोन्ही हात पसरून ओरडतोय, "या आजी, झेलतो तुम्हाला, घाबरू नका!" मी वरून ओरडतेय, "अहो, दुलई वाळत घातलीय मी! जा आपापल्या कामाला!" तेवढ्यात दार फोडल्यासारखा हवालदार आत. तो आतून ओढतोय आणि मी सोडत नाही, कारण शिवण उसवून पिसं उडतील. शिवण उसवलीच. तो दूर सॅक्सनीहून आणलेला माणूस, पिसांनी भरलेल्या मिशांनी मला विचारतो, "पळून चालला होतात ना, आजी?" मी म्हटलं, "तुमच्या गावात पांघरुणं वर्षातून एकदा उन्हात घालतात वाटतं?" हसू आलं मला, आणि त्यानंतर बराच वेळ रडू थांबेना. त्या दिवसापासून तो जिन्यातच खुर्ची टाकून बसतो. मजल्यावर पहारा त्याचा एकट्याचा, पण माझ्या खोलीत जरा खुट्ट झालं की धावत येतो. हे लक्षात ठेव.

आता फोल्कमारबद्दल. रोसी, पत्र फाडू नकोस. तो विटा रचत होता तेव्हा तू खालून त्याला काय काय बोललीस, ते सगळं मी ऐकलं. "आईला जिवंत गाडतोयस, हरामखोरा! सावत्र तो सावत्रच!" असं म्हणालीस. त्यानं वर बघितलं नाही, खाली बघितलं नाही, थापी चालवत राहिला. तू घरी गेलीस आणि मी आत खुर्चीत बसून राहिले. सावत्र तुम्ही एकमेकांचे असाल, मला दोघंही पोटचेच आहात. लढाईत तळघरात बसायचो तेव्हा त्यानंच तुझ्या कानांवर हात धरले होते, स्वतःच्या नाही. त्याच्या गवंड्यांच्या टोळीला कुठे नेताहेत ते ट्रक थांबेपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. एकानं नको म्हटलं, तर त्याला तिथूनच गाडीत घालून नेला. माझ्या दारावर तुझ्या पपांचं नाव आहे, फोल्कमारचं आडनाव त्याच्या बापाचं, आणि तू ओरडलीस तेव्हा मुकादम आणि हवालदार मागच्या अंगणात होते, म्हणून हा माझा मुलगा आहे हे त्यांना कळलेलं नाही. कळलं तर त्याच क्षणी त्याला इथून हलवतील.

काल तो माझी खिडकी मोजायला आला. हवालदार मागे उभा. पोटचा पोर मला म्हणतो, "बाई, जरा बाजूला होता का? माप घ्यायचंय." मी म्हटलं, "घ्या मिस्त्री, पण माझ्या कुंडीला धक्का लावू नका." त्यानं कुंडी उचलून टेबलावर ठेवली, अगदी हळू. त्याच्या कोटाचं बटण तुटलं होतं आणि मला ते लावूनही देता येत नव्हतं. कॉफी विचारली तर हवालदार म्हणाला, "गवंड्याला कशाला, मला द्या." मी त्याला कॉफी दिली, साखर आणायला जिन्यापलीकडच्या बाईंकडे पिटाळला, आणि तेवढाच आम्हाला वेळ मिळाला. फोल्कमार हातोडीनं चौकट ठोकत राहिला आणि ठोक्यांच्या आवाजात बोलला. म्हणाला, "आई, उद्या तू उडी मार. मी त्याला धरून ठेवतो." मी म्हटलं, "आणि तुझं काय?" तर म्हणतो, "माझं काय व्हायचं ते होईल. इथलं संपलं की दुसऱ्या रस्त्यावर, दुसऱ्या कुणाच्या आईची खिडकी. माझ्याच्यानं आता होत नाही गं." हे बोलताना तो माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता. तीस वर्षांचा माणूस, रोसी, आणि हनुवटी लहानपणी थरथरायची तशी थरथरत होती. मी त्याला आईच्या आवाजात सांगितलं की उडी तू आधी मारायचीस. तो ऐकेना, तेव्हा म्हटलं, तू खाली उतर आणि तुझ्यामागून मी येते. तेव्हा कुठे त्यानं मान हलवली आणि आमच्या खुणा ठरल्या.

आता मी हे का लिहिते आहे ते नीट वाच. उद्या सकाळी तो पागेल्सबाईंच्या रिकाम्या खोलीत विटा लावायला लागेल, हवालदार त्याच्या पाठीशी असेल. त्याच्या हाताखालचा माणूस विटा आणायला अंगणात उतरला की तो शीळ घालेल आणि मी माझी दुलई कठड्यावर टाकीन. हारल्डनं आणि त्याच्या दोस्तांनी माझ्या खिडकीखाली गोळा होऊन त्या दिवशीसारखाच गलका करायचा, "या आजी, मारा उडी!" म्हणून बोंबलायचं. हवालदार माझ्याकडे धावत येईल. बंबवाल्यांना मात्र हारल्डनं आजच सांगून ठेवायचं, माझ्या खिडकीकडे यायचं नाही. चादर घडी करून कोपऱ्यावर थांबायचं आणि वरून फोल्कमारची टोपी पडली की पागेल्सबाईंच्या खिडकीखाली ती ताणायची. फोल्कमार जड आहे, घट्ट धरा म्हणावं. चादर एकच आहे आणि खिडक्या दोन, पोरी. मी त्याच्यामागून येते हे मी त्याला खोटं सांगितलं. मी हवालदाराच्या गळ्याला मिठी मारून बसणार आहे, फोल्कमार खाली पोचेपर्यंत सोडणार नाही. नंतर मला काय करतील ते करोत, अठ्ठावन्न वर्षांच्या बाईचं करून करून काय करतील? तो खाली आल्यावर माझी वाट बघत वर बघत राहील. त्याला उभं राहू देऊ नकोस. हात धरून घरी ने, खायला घाल, त्याचं बटण लावून दे, आणि ते सावत्र वगैरे पुन्हा तोंडातून काढू नकोस. बाळाला पहिल्यांदा त्याच्या हातात दे. उद्या मी खिडकीत येईन, तेव्हा तुला वर बघावंसं वाटेल. मलाही तुझं तोंड बघावंसं वाटेल, दुसरं काही नकोच आहे मला. पण तू माझ्याकडे मान वर केलीस की रडशील, आणि टोपी पडलेली तुला दिसणार नाही. म्हणून उद्या पागेल्सबाईंच्या खिडकीकडे तोंड करून उभी राहा, आणि माझ्याकडे पाठ कर.

तुझीच, आणि त्याचीही,
आई