पूर्वेची खोली

शारजा,
६ मार्च २००२

प्रिय कुशल,

अनेक आशीर्वाद. पत्र बघून दचकू नकोस, माझी तब्येत ठणठणीत आहे. ईमेलवर मराठी उमटत नाही आणि इंग्रजीत मला धड भांडता येत नाही की रडता येत नाही, म्हणून आपलं हे हातानं लिहिणं. माझं अक्षर लागायला तुला वेळ लागेल. अडलंच तर प्रज्ञाकडून वाचून घे. सुनेपासून लपवण्यासारखं यात काही नाही, उलट तिनं वाचलं तर मला बरंच वाटेल.

शुक्रवारी तू फोनवर म्हणालास की देवरुखच्या घराला गिऱ्हाईक मिळालं, डॉक्टर आहेत, माणसं चांगली आहेत, मी हो म्हणून टाकलंय, मेमध्ये येऊन रजिस्ट्रेशन करतो आणि जाताना तुला घेऊनच जातो, खलास. आणि मी म्हणाले, बरं. दुसरं काय म्हणणार? तुझ्या आवाजात इतका उत्साह होता. न्यू जर्सीच्या नव्या घरात खालच्या मजल्यावर माझी खोली तू रंगवून घेतलीस, देव ठेवायला फळीसुद्धा ठोकलीस, हे सगळं तू एका दमात सांगितलंस. तू गुणाचा आहेस रे, त्यात वादच नाही. पण ते 'बरं' खरं नव्हतं.

इथलं म्हणशील तर आवराआवर चालू आहे. बाबांच्या कंपनीतला जमाल, तोच तो व्हिसाची कामं करणारा, परवा येऊन गेला. बाबांच्या व्हिसावर मी इथे, आणि बाबाच नाहीत म्हटल्यावर मी कोण? एप्रिलअखेर मला निघायला हवं. बिचाऱ्याला सांगताना इतकं अवघड झालं की चहा न पिताच उठला. शेजारची हमीदा रोज दुपारी येऊन बसते. तिचं रत्नागिरीकडचं बोलणं ऐकलं की मला निम्मं देवरुख आपल्या या रोल्ला वस्तीत आल्यासारखं वाटतं. काल भांडी बांधायला लागली आणि मध्येच माझ्या गळ्यात पडून रडली. मग मीच तिला गप्प केलं. बाबांचा ड्रॉइंगबोर्ड मात्र मी कोणाला हात लावू दिलेला नाही. पंचवीस वर्षं ड्राफ्ट्समन होता माणूस, दुसऱ्यांच्या इमारतींचे नकाशे काढण्यात जन्म गेला.

तुला तिथल्या कॉलेजात तू लिहिलेला तो इतिहासाचा पेपर आठवतो का? इंजिनीअरिंगच्या पोरांना एक तरी असला विषय घ्यावाच लागतो म्हणून तू कुरकुरत घेतला होतास. दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचे अमेरिकेतले शेतकरी मरताना आपल्या बायकापोरांची काय सोय करून ठेवत, त्यांची मृत्युपत्रं कशी असत, असं काहीतरी. तू विसरलाही असशील. बाबांनी तो ऑफिसात प्रिंट करून आणला आणि सगळ्या रोल्लाला दाखवला. मग रोज जेवण झाल्यावर बाल्कनीत बसून मला मराठीत सांगायचे. जमीन मुलाला, पण बायको जिवंत आहे तोवर तिसरा हिस्सा तिच्या पोटापाण्याला. लग्न न झालेल्या मुलीला पिसांची गादी, आणि लग्न होईपर्यंत घरात जागा. आणि बायकोला काय काय! पूर्वेकडची खोली. स्वयंपाकघरातून विहिरीवर जायची वाट. घरच्या भट्टीत पाव भाजायची मुभा. मुलानं लाकडं फोडून तिच्या दारात आणून टाकायची. वर्षाचं इतकं इतकं धान्य. एक गाय, ती उन्हाळा-हिवाळा मुलानंच पोसायची. रविवारी चर्चला जायला घोडा. सफरचंदं, तिला खाववतील तेवढी. बाबा धान्याच्या त्या बुशेल मापाचे मण करत बसायचे आणि मी हसायचे. हे सगळं ती विधवा राहील तोवरच, दुसरं लग्न केलं की सगळं बंद, हे ऐकून तर मी म्हटलं, वा रे वा, मेल्यावरसुद्धा जाच!

पण मला खरं हसू यायचं ते त्या विहिरीच्या वाटेचं. मी म्हटलं, काय संशयी माणूस हो हा! पोटच्या पोरानं आईला विहिरीवर जाऊ द्यावं, हेसुद्धा लिहून ठेवावं लागतं? बाबाही हसले होते तेव्हा.

त्याच सुमारास देवरुखचं घर उभं राहत होतं. जागा बाबांनी तुझ्याच नावावर घेतली होती, पुढे तुला कोर्टकचेऱ्या नकोत म्हणून. नकाशा अर्थातच स्वतः काढला. वर तुझी खोली, शेजारी पाहुण्यांची, खाली हॉल, देवघर, बाबांची वाचायची खोली, आणि पूर्वेला गाडीचं पोर्च. गाडी आपल्याकडे नव्हती, पुढेही आली नाही. महादू गवंड्यानं चिरे लावून एकेक भिंत चढवली, आपण सुट्टीत जाऊन बघून आलो, नारळ फोडला, आणि माझी खोली कुठली हे कोणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही. बाई काय, स्वयंपाकघरात उभी आणि हॉलमध्ये आडवी. मला त्यात काही वावगंच वाटलं नाही.

मागच्या वर्षी बाबांच्या कॅन्सरचं निदान झालं. केमो चालू असताना एके दिवशी त्यांनी तुझा तो पेपर पुन्हा काढायला लावला. विहिरीच्या वाटेपाशी आले आणि त्यांनी कागद मिटून ठेवला. मग म्हणाले, मृणाल, तो संशयी नव्हता गं, त्यानं आपल्या आईचं म्हातारपण पाहिलं असणार.

आजी तुला आठवते ती मुंबईच्या काकांच्या हॉलमधली. वळकटी दिवाणाखाली, कपड्यांची पिशवी खुंटीला. कोणी टीव्ही बघत असलं की तिला आडवं होता यायचं नाही. तीन मुलगे, चार-चार महिने वाटून घेतलेले, आणि आपण आखातात, म्हणून बाबा आपल्या चार महिन्यांचे पैसे पाठवायचे. कोणी तिला उपाशी ठेवलं नाही, वाकडा शब्द बोललं नाही. पण सुनेला विचारल्याशिवाय तिनं कधी स्वतःसाठी चहा टाकला नाही. बाबा त्या दिवशी आजीसाठी रडले. ती गेली तेव्हासुद्धा रडले नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून माणूस झपाटल्यासारखा बोर्डाशी बसायला लागला. बसवत नसे, तर मी पाठीला उशा लावायचे. रेघ वाकडी झाली की खोडून पुन्हा. पोर्चला भिंती घालून त्यांनी खोली केली. पूर्वेला मोठी खिडकी, एका कोपऱ्यात चहापुरता ओटा, आणि अंगणात उघडणारं स्वतंत्र दार, तिथून चार पावलांवर विहीर. घरातून कोणाला ओलांडून जायला नको. नकाशात खोल्यांवर काय लिहितात, बेडरूम वन, बेडरूम टू. या खोलीवर त्यांनी आपल्या त्या सुबक कॅपिटल अक्षरांत 'मृणालिनी' लिहिलं. इतक्या वर्षांत त्यांच्या कुठल्याच नकाशात माझं नाव मी पाहिलं नव्हतं. मी वेडी म्हणाले, मग गाडी कुठे ठेवायची? आणि मग आम्ही दोघं हसता हसता रडलो.

महादूनं दिवाळीनंतर काम पुरं केलं आणि फोन करून सांगितलं, वैनी, सकाळचं ऊन थेट तुमच्या कॉटवर येतंय. बाबांना ती बघायला मिळाली नाही. मलाही अजून नाही. तुला ती खोली माहीत आहे ती फक्त 'पोर्च बंद केलंय' एवढीच, कारण लाजून मीच बाबांना जास्त काही सांगू दिलं नाही. आता तो डॉक्टर भिंत पाडून पुन्हा पोर्च करणार आहे म्हणे, त्याच्याकडे गाडी आहे. महादूनं परवाच कळवलं. तुला दोष देत नाही. तुला वाटलं, आई गावी एकटी कशाला कुजेल, माझ्याजवळ राहील. ते खरंही आहे. मी येईन रे न्यू जर्सीला, चांगली येईन, प्रज्ञाचं बाळंतपण मीच करणार, दुसऱ्या कोणाला करू देणार नाही. पण येईन ती माझं घर मागे ठेवून. तिथे माझ्या नावाचं दार आहे आणि किल्ली माझ्या कमरेला आहे, एवढं असलं की तुझ्या घरात मी मोकळेपणानं हसेन-बोलेन, प्रज्ञाला न विचारता चहासुद्धा टाकेन. नाहीतर मीही आजीसारखी पिशवी भरलेलीच ठेवीन, आणि ते तुमच्या लक्षातही यायचं नाही.

आता हे पत्र का, ते सांगते. खोली बांधून झाल्यावर बाबांना तेवढ्यावर थांबायचं नव्हतं. वकिलाकडून कागद करून तुझी सही घ्यायची होती, की आई आहे तोवर ही खोली तिची, आणि तिला विचारल्याशिवाय घर विकायचं नाही. मी अशी भडकले की काय सांगू! आजारी माणसावर ओरडले. माझ्या पोराकडून लिहून घ्यायचं? तुमचा तो अमेरिकन शेतकरी गेला खड्ड्यात, माझा कुशल तसला नाही, तो मला विचारल्याशिवाय भिंतीला खिळासुद्धा ठोकणार नाही. दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही. शेवटी तेच थकून म्हणाले, राहिलं, नको कागद, तुझं खरं ठरो. त्या विषयावरचं त्यांचं हे शेवटचं बोलणं. म्हणून कागद नाही, बाळा. घर तुझं आहे, तू विकलंस तर मला अडवता येणार नाही, आणि अडवणारही नाही. फक्त डॉक्टरांशी कागद करण्याआधी एकदा फोन कर आणि मला विचार. मी तुझ्या बाजूनं भांडले होते. ते गेले, आणि त्या भांडणात अजून तरी तेच जिंकलेले आहेत.

तुझ्याच बाजूची,
आई